काळ्या स्क्रीनवरचं पाणी-पत्रक (सचिन, २००३ ते २००८)



मागच्या रविवारी ग्रुपवर विषय निघाला होता, की आपण इंटरनेट पहिल्यांदा कुठे आणि कशासाठी वापरलं. बहुतेकांनी याहू चॅट लिहिलं, काहींनी ऑर्कुट, एका ताईंनी दहावीचा निकाल. मी गप्प बसलो, कारण माझं उत्तर दोन ओळीत मावणारं नव्हतं. इंटरनेटवरची माझी पहिली पाच वर्षं कुठल्याच नकाशात नसलेल्या एका शहरात गेली, आणि त्या शहरात मी एक पान चालवत होतो. वेबसाइटचं पान म्हणा, पण ते शहराच्या आतल्या नेटवरचं. बाहेरून गुगल केलं असतं तर सापडलं नसतं.

आधी थोडी माझी ओळख. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. वडील सुरतेला आले ते आपल्या सगळ्यांचे आले तसेच, ताप्ती लाइनच्या गाडीने. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, आणि उधन्याला उतरायचं. तिथून सचिन. शाळा मनपाची, मराठी माध्यमाची. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा क्लास केला आणि जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आवक-जावक रजिस्टर लिहायला लागलो. रात्रपाळी, आठ ते आठ. ट्रक आला, नंबर लिहा. माल काय, चलान नंबर काय, आला किती वाजता, गेला किती वाजता, ड्रायव्हरची सही. कारखान्याचं नाव घेत नाही, का ते पुढे कळेल.

नवीन मुलांसाठी सचिनबद्दल दोन गोष्टी सांगतो, त्या पुढे लागणार आहेत. हे गाव म्हणजे फक्त जीआयडीसी आणि फाटक नव्हे. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारा सिद्दी बालूमियाँ याने पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरचा हक्क त्याने सोडला आणि बदल्यात सुरतेजवळची गावं घेतली. तेच सचिन संस्थान, सिद्दी नवाबांचं, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. गंमत अशी की पेशव्यांच्या हातात जंजिऱ्याचा कागद आला, किल्ला काही आला नाही. दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यासमोरची. २००० साली सचिनलाच सुरतचं एसईझेड सुरू झालं. भिंत, गेट, तपासणी, आत हिऱ्यांचे कारखाने. कस्टमच्या हिशेबात भिंतीपलीकडची जमीन जवळजवळ परदेश. म्हणजे आपल्या चाळीपासून सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर परदेश, आणि पास नसेल तर आत पाय ठेवता येत नाही.

आता खेळाकडे येतो.

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. नाव ‘मड’. चित्र नाही, आवाज नाही, सगळं अक्षरांत. ‘उत्तरेला जा’ असं टाइप केलं की पुढच्या खोलीचं वर्णन यायचं, आणि त्या खोलीत आणखी कोणी माणूस उभा असेल तर तो खरोखरचा माणूस, दुसऱ्या टर्मिनलवर बसलेला. १९९० मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ सुरू केलं. त्यात पुढची पायरी अशी की खेळणाऱ्याला आत बसूनच नवीन खोल्या, वस्तू, चिठ्ठ्या बनवता यायच्या. तिथली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक नंबर असलेली वस्तू. खुर्चीला नंबर, चिठ्ठीला नंबर, तुम्हालाही नंबर. आमच्या गेटपासासारखंच.

याच यंत्रावर पुढे सायबरपंक शहरं उभी राहिली. सायबरपंक म्हणजे काय, हे विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) वाचलेल्यांना माहीत असेल. भविष्यातलं शहर, वर कंपन्यांचे मनोरे, खाली चिखल, रोगराई आणि चोरून विकलेली यंत्रं. १९९७ पासून चालू असलेलं ‘सिनडोम’ हे यातलं सगळ्यात नावाजलेलं. मी जिथे होतो ते शहर त्याच जातीचं, त्याचं नाव सांगत नाही. आतली गोष्ट बाहेर बोलायची नाही हा तिथला नियम होता. अर्धा नियम आज मोडतोय, अर्धा पाळतो.

मी तिथे पोचलो ते गरिबीमुळे, आवडीमुळे नव्हे. २००३ मध्ये स्टेशनजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये घ्यायचे आणि चार कॉम्प्युटर एकाच डायल-अप लाइनवर चालायचे. फोटो उघडेपर्यंत चहा व्हायचा. अक्षरं मात्र पटकन यायची. क्लासमधल्या एका मित्राने ‘रन’मध्ये जाऊन टेलनेट टाइप करायला शिकवलं, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. कॅफेवाले भाई मागे येऊन उभे राहिले. ‘आ शुं करे छे? हॅकिंग तो नथी ने?’ त्यांना पटवायला मला आठवडा लागला की हा गेम आहे. मग म्हणाले, ‘आमां गेम क्यां छे?’

वेळही जमून गेली. सकाळी आठला माझी पाळी सुटायची, तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असायचे, थंडीत साडेनऊ. म्हणजे तिकडची माणसं जेवून खेळायला बसायची तेव्हा मी डोळे चोळत कॅफेत. रोज एकच तास. वीस रुपये रोज म्हणजे महिन्याचे सहाशे, पगाराच्या मानाने चैनच होती. आईला सांगितलं होतं की इंग्रजीचा क्लास आहे. तसं खोटंही नव्हतं.

त्या शहरात माझा माणूस खालच्या वस्तीत राहायचा. शहराचं आपलं एक नेट होतं. त्यासाठी टर्मिनल असलेल्या खोलीत जाऊन उभं राहायचं, पत्ता टाइप करायचा, की पान उघडायचं. स्वतःचं पान काढायचं तर आधी पत्ता विकत घ्यायचा, मग दर आठवड्याला भाडं. भाडं चुकलं की पान कोरं. पानाला एक किल्ली, म्हणजे गुप्त शब्द. ज्याच्याकडे किल्ली तो मालक, बस. ती कोणी चोरली तर खेळ चालवणाऱ्यांकडे दाद नाही. चोरी हाही खेळच.

लिहायची पद्धत आजच्या पोरांना सांगितली तर हसतील. पान म्हणजे ओळींची यादी. ओळ टाइप केली, एंटर दाबलं, संपलं. मागे जाऊन अक्षर खोडता येत नाही. सातवी ओळ चुकली तर ‘सातवी काढ’, मग ‘सातव्या जागी हे घाल’. आणि एक ओळ काढली की खालच्या सगळ्यांचे नंबर बदलतात. हे विसरून मी एकदा माझ्याच पानाची अर्धी मजकुरी उडवली. तेव्हापासून आधी वहीत लिहायचो, ओळींना नंबर घालून, आणि दुरुस्ती करायची असेल तर नेहमी खालून वर. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. दोन महिन्यांनी पाहिलं तर सगळे जुने लोक तसंच करत होते.

माझं पहिलं पान नटवलेलं होतं. चारी बाजूंनी चांदण्यांची चौकट, वर फुल्यांची वेलबुट्टी. लग्नपत्रिकाच. दुसऱ्या दिवशी एकाचा निरोप आला, खेळाबाहेरचा, फार नम्र. तो म्हणाला, मी अंध आहे, माझं मशीन मला स्क्रीन वाचून दाखवतं. तुझ्या पानावर आलो की आधी मिनिटभर ‘स्टार स्टार स्टार स्टार’ ऐकावं लागतं आणि मजकूर येईपर्यंत मी कंटाळतो. अक्षरांच्या खेळात अंध खेळाडू बरेच असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चित्रांच्या खेळात तेव्हा त्यांना फारशी जागा नव्हती, इथे ते बरोबरीने खेळायचे. मी चौकट काढून टाकली. त्यानंतर आयुष्यात कधी कुठल्या कागदाला चौकट घातली नाही, पोरीच्या वाढदिवसाच्या पत्रिकेलासुद्धा.

मग प्रश्न आला, पानावर लिहायचं काय? इतरांची पानं म्हणजे टोळ्यांच्या धमक्या, कवितेचा आव आणलेली वाक्यं, हातपाय बदलून देणाऱ्या डॉक्टरांच्या जाहिराती. मला यातलं काही येत नव्हतं. मला रजिस्टर येत होतं. खालच्या वस्तीत पाणी पंपावरून यायचं आणि वरच्या कंपन्या हवं तेव्हा ते बंद करायच्या किंवा त्यात काहीतरी सोडायच्या. खेळ चालवणारे अशा घटना घडवत असत. मी पाणी-पत्रक काढलं. तारीख, पंप नंबर, चालू की बंद, पाण्याला वास आहे का, किती वाजता पाहिलं, कोणी पाहिलं. एवढंच.

पानाच्या वर मथळा हवा होता. देवनागरी शक्यच नव्हती, तो सर्व्हर साध्या इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांशिवाय काही आत घ्यायचाच नाही. बाकीची अक्षरं मध्येच गिळून टाकायचा. म्हणून इंग्रजी अक्षरांत मी आमच्या अहिराणीत लिहिलं, ‘पानी उनं का?’ घरी माय रोज पहाटे नळाकडे बघून जे विचारते तेच. वाचणाऱ्यांना वाटलं ही भविष्यातली गल्लीची भाषा असेल. काही महिन्यांत खालच्या वस्तीत लोक एकमेकांना भेटले की ‘पानी उनं का?’ टाइप करायला लागले. कुठला तरी अमेरिकन, कुठली तरी फिनलंडची बाई, आणि तोंडात शिंदखेड्याची बोली. शाळेत याच बोलीसाठी मी छड्या खाल्ल्या होत्या.

पान चालवणं हे पान काढण्यापेक्षा वेगळंच काम. लोक खोटं कळवायचे. एक टोळी दुसऱ्या टोळीच्या गल्लीतला पंप ‘विषारी’ म्हणून कळवायची, की गिऱ्हाईक इकडे येईल. मग मी गेटवरचे नियम लावले. दोन जणांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. नोंद चुकली तर पुसायची नाही, तिच्या पुढे रेघ ओढून ‘रद्द’ लिहायचं आणि खाली नवी नोंद, वेळेसकट. रजिस्टरमध्ये व्हाइटनर चालत नाही, तसं. भाड्यासाठी शेवटच्या ओळीला एका शेवयावाल्याची जाहिरात घेतली. दोन ओळी मागत होता, एकच दिली.

ऑगस्ट २००६ चा पूर तुम्हाला सांगायला नको. उकाईचं पाणी सोडलं आणि सुरत बुडालं. आमच्या सचिनला पाणी तेवढं नव्हतं, पण लिंबायतहून मामाचं सगळं कुटुंब आमच्या एका खोलीत आलं, आणि कॅफे, फोन, सगळं बंद. मी अकरा दिवस तिकडे फिरकलो नाही. मनात धरून चाललो की भाडं चुकलं, पान गेलं. अकराव्या दिवशी टर्मिनलसमोर उभा राहिलो तर पान जागेवर. कोणीतरी भाडं भरलं होतं. किल्ली माझ्याकडे असल्याने त्यांना नोंदी करता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी शेजारचा पत्ता घेऊन तिथे नोंदी चालू ठेवल्या होत्या, माझ्याच पद्धतीने, दोन साक्षीदारांसकट. वर एक ओळ: लेखक सापडत नाही, तो येईपर्यंत. त्यांच्या दृष्टीने माझा माणूस फक्त झोपला होता. तापी, उकाई, लिंबायत यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. पण कॅफेत बसून डोळे पुसले, आणि भाईंनी पहिल्यांदा त्या तासाचे पैसे घेतले नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

२००७ च्या पावसाळ्यात वरच्या मनोऱ्यातली एक बाई, म्हणजे खेळातलं पात्र, माझ्याकडे आली. पंप चार आज रात्री ‘बंद’ दाखवलेला आहे, ती ओळ काढ, असं तिचं म्हणणं. रक्कम इतकी की माझ्या माणसाला वरच्या थरात खोली घेता आली असती. चार वर्षं चिखलात काढली होती. मी विचार केला, खेळच आहे ना. सायबरपंकमध्ये सगळे विकले जातात, मग मीच साधू का राहू? पैसे घेतले आणि ओळ काढली. रेघ ओढली नाही. सरळ काढली, आणि खालचे नंबर वर सरकले. वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही की इथे काही होतं.

त्या रात्री वस्तीतली एक म्हातारी सुईण, खेळातलीच, पंप चारवर पाणी भरायला गेली. पत्रकात ‘बंद’ नव्हतं म्हणून गेली. तिथे जे व्हायचं ते झालं. तिच्याकडे परत जिवंत व्हायची सोय नव्हती, तेवढे पैसे तिने कधी जमवलेच नाहीत. अशा शहरात पात्र मेलं की मेलं. ते चालवणाऱ्या माणसाने तीन वर्षं रोज थोडं थोडं करून ती म्हातारी उभी केली होती. पुरात माझं भाडं भरणाऱ्यांत ती होती, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. कोणी मला दोष दिला नाही. द्यायचा नियमच नव्हता, खेळातलं खेळात. ती व्यक्ती पुन्हा दुसऱ्या रूपात आली का, हेही कळायची सोय नव्हती.

मी रात्री पाळीवर गेलो. गेटवर रजिस्टर उघडलं. आणि जी गोष्ट मी दोन वर्षं रोज करत होतो ती मला तेव्हा दिसली. आमच्याकडे रात्री दोन-तीनच्या दरम्यान काही टँकर यायचे. सुपरवायझर म्हणायचे, ‘याची नोंद नको.’ मी नोंद करत नव्हतो. त्यात काय असायचं, ते कुठे रिकामे व्हायचे, मी कधी विचारलं नाही. पैसेही घेतले नाहीत हो, फक्त नोकरी टिकली. म्हणजे ज्या माणसाने काल्पनिक शहरात दोन साक्षीदारांशिवाय पंपाची नोंद केली नाही, तो खऱ्या गेटवर ओळी कोऱ्या सोडत होता. पहाटे खाडीकडून वास यायचा तेव्हा आम्ही रुमाल बांधायचो आणि चहा मागवायचो.

पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा मी नंबर लिहिला. शूर होतो म्हणून नाही, हात आपोआप गेला. सुपरवायझरने ते पान फाडलं. रजिस्टरच्या पानांवर छापील नंबर असतात, त्यामुळे फाटलेलं दिसतं, एवढंच काय ते. महिन्याभराने माझी बदली गोदामात झाली, वर्षाने मी नोकरी सोडली. तक्रार मी कुठेही केली नाही. ते मान्य करायलाच हे लिहितोय.

खेळातल्या पानावर मी एक शेवटची नोंद घातली: अमुक तारखेची पंप चारची ओळ पैसे घेऊन काढली होती, काढणारा मी. दोन दिवसांत माझा माणूसही मेला, ते साहजिकच होतं. किल्ली मी आधीच दुसऱ्याला दिली होती. त्याने २००८ पर्यंत भाडं भरलं, मग तोही येईनासा झाला आणि पान कोरं झालं. बाहेरच्या जगातली पानं तरी कुठे राहिली? जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. ऑर्कुटवर आपल्या खान्देशी मंडळींच्या किती गप्पा होत्या, गाववार याद्या होत्या, कोणी सांभाळल्या असतील तर मला माहीत नाही.

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधून केमिकल सोडताना वायू पसरला, सहा कामगार गेले, वीसच्या वर दवाखान्यात. त्या घटनेचा माझ्या जुन्या कारखान्याशी काही संबंध नाही, हे स्पष्ट लिहितो. पण सकाळी मोबाइलवर बातमी वाचताना मला आधी आठवला तो फाटलेल्या पानाचा नंबर. १४७.

माझ्याकडे त्या काळच्या तीन वह्या आहेत आणि एक फ्लॉपी, जिच्यात कॅफेतून उतरवलेली पत्रकं असावीत. कोणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर कळवा, उधना-पांडेसरा कुठेही येईन. आणि आपल्यापैकी ज्यांनी १९९० नंतर सचिन, पांडेसरा, उधना इथे गेटवर, वॉचमन म्हणून किंवा टाइम-ऑफिसात काम केलं, त्यांनी खाली लिहा. कारखान्याचं नाव नको, तुमचंही नको. साल, पाळी, आणि काय लिहू दिलं नाही, एवढं पुरे. मी वहीत उतरवून घेतो. एकाच गोष्टीबद्दल दोघांनी लिहिलं तर जास्त बरं.